फाइल सेव्ह होताना काय घडतं? टेक्स्ट एडिटरमधले इव्हेंट हूक : लिहायचे कसे आणि बिघडले तर शोधायचं कसं



आपण रोज संगणकावर काहीतरी टाइप करतो. प्रश्नपत्रिका, शब्दांच्या याद्या, मुलांनी सांगितलेल्या गोष्टी, पालकसभेच्या सूचना. टाइप करून झालं की कंट्रोल आणि एस दाबतो, फाइल सेव्ह होते. पण त्या एका क्षणात एडिटरला आपण एखादं काम सांगून ठेवू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. या सोयीला इव्हेंट हूक म्हणतात. आजच्या पाठात हूक म्हणजे काय, तो कसा लिहायचा, चालला नाही तर कुठे बघायचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्याकडे कोणतं काम सोपवायचं नाही, हे पाहू. उदाहरण धडगावचं घेतलं आहे. ते का, ते पुढे कळेल.

१. हूक म्हणजे खुंटी

शाळेतली घंटा आठवा. पहिली घंटा झाली की परिपाठ, मधली घंटा झाली की जेवण, शेवटची झाली की घर. घंटा स्वतः काहीच करत नाही. कोणत्या घंटेला काय करायचं हे आपण आधी ठरवून ठेवलेलं असतं. एडिटरमध्येही अशा घंटा सतत वाजत असतात. फाइल उघडली, मजकूर बदलला, सेव्ह व्हायला निघाली, सेव्ह झाली, छापायला गेली, बंद होतेय. यातली प्रत्येक घंटा म्हणजे इव्हेंट, मराठीत घटना. त्या घटनेला आपलं काम अडकवायची जी खुंटी असते, ती हूक. खुंटीवर जे अडकवतो तो छोटासा कार्यक्रम, म्हणजे मॅक्रो किंवा स्क्रिप्ट.

म्हणजे तीन गोष्टी झाल्या : कोणती घटना, कोणत्या फाइलसाठी आणि कोणतं काम. हूक बिघडतो तेव्हा या तिघांपैकीच एखादी चुकलेली असते. हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

२. धडगावचं उदाहरण : दिसतं सारखं, असतं वेगळं

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्यालय. सातपुड्याच्या रांगा, उत्तरेला नर्मदा. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. इथल्या कितीतरी मुलांच्या घरी पावरी किंवा भिली बोलली जाते आणि मराठी त्यांना शाळेत भेटते. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्य असेल तितकं मुलाची मातृभाषा असावी, असं म्हटलं आहे. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकात या भागात जीवनशाळा सुरू केल्या, त्यांनीही मुलांच्या बोलीला वर्गात जागा दिली. त्यामुळे इथल्या शिक्षकाला कधी ना कधी बोली-मराठी शब्दांची यादी करावीशी वाटते.

आता समजा, धडगाव परिसरातले चार शिक्षक मिळून पावरी-मराठी शब्दसंग्रह करत आहेत. एक जण शाळेच्या संगणकावर टाइप करतो, दुसरा घरच्या लॅपटॉपवर, तिसरा मोबाइलवर, चौथा जुन्या फाइलमधून मजकूर चिकटवतो. सगळं एका फाइलमध्ये येतं. छापून बघितलं तर सुरेख. पण ‘दऱ्या’ हा शब्द शोधायला गेलं तर पाच ठिकाणी असूनही तीनच ठिकाणी सापडतो. अकारविल्हे लावलं तर ‘ॲम्ब्युलन्स’ दोन वेगळ्या जागी जाऊन बसते. एकच शब्द दोनदा आलाय हे संगणकाला कळतच नाही.

कारण सोपं आहे. संगणक अक्षराचा आकार बघत नाही, त्याचा क्रमांक बघतो. जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी जी पद्धत आहे तिला युनिकोड म्हणतात. मराठीत काही अक्षरं अशी आहेत, की ती दोन-तीन वेगवेगळ्या क्रमांकांच्या साखळीतून उमटतात आणि डोळ्यांना सारखीच दिसतात.

पहिलं उदाहरण ॲ. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. कोणी अ आणि चंद्र यांच्यामध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालत. या चिन्हाला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, कारण त्याची रुंदी शून्य असते. म्हणजे ॲ, अॅ आणि अ‍ॅ ही तीन वेगळी लेखनं झाली. आजही तिन्ही चालू आहेत.

दुसरं उदाहरण दऱ्या. यातला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. नवी तऱ्हा अशी : नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. जुनी तऱ्हा अशी : साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’च. संगणकासाठी मात्र दोन वेगळे शब्द.

हे काम हाताने करायचं म्हटलं तर दर वेळी शोधा-बदला करत बसावं लागतं, आणि चारपैकी एक जण विसरतोच. असं कंटाळवाणं, न चुकता करायचं, डोक्याला विचार करायला न लावणारं काम हूकसाठी अगदी योग्य.

३. हूककडे काय द्यायचं आणि काय नाही

हूक न विचारता चालतो. तुम्ही सेव्ह केलंत की तो आपलं काम करून मोकळा होतो, कोणी बघत नसतं. म्हणून कोड लिहायच्या आधी कागदावर तीन रकाने करा.

पहिला रकाना : बदलून टाकायचं. ज्या बदलाने डोळ्याला काहीच फरक दिसत नाही आणि अर्थही बदलत नाही, तेवढंच इथे. वरचे ॲ आणि ऱ्या यांचे बदल या रकान्यात येतात.

दुसरा रकाना : फक्त दाखवायचं, बदलायचं नाही. उदाहरणार्थ विसर्ग. ‘दुःख’ लिहिताना पुष्कळ जण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे दोन ठिपके टाकतात. वाटतं, की दोन अक्षरांमध्ये ठिपके दिसले की विसर्ग करून टाकू. पण शब्दसंग्रहात ‘डोंगर:पर्वत’ असं शब्द आणि अर्थ यांच्यामध्येही तेच चिन्ह असू शकतं. मग सगळी यादी विसर्गांनी भरेल. अंकांचंही तसंच. इंग्रजी अंक देवनागरी करावेत असं वाटतं, पण शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक किंवा एखादा संकेतस्थळाचा पत्ता त्या फाइलमध्ये असेल तर तो कामाचा राहणार नाही. अशा ठिकाणी हूकने ‘इथे बघा’ एवढंच म्हणावं.

तिसरा रकाना : हातच लावायचा नाही. ण आणि न, ऱ्हस्व आणि दीर्घ, अनुस्वार, आणि बोलीतला कोणताही शब्द. खानदेशात अहिराणी बोलणारं मूल ‘पानी’ म्हणतं. प्रमाण मराठीचं शुद्धलेखन समोर ठेवून ‘पानी’ दिसलं की ‘पाणी’ करायचा नियम हूकमध्ये घातला, तर त्या मुलाचा शब्द फाइलमधून गुपचूप नाहीसा होईल. पावरी रकान्यात तर हे आणखी घातक. प्रमाण मराठीचे लेखननियम प्रमाण मराठीसाठी केलेले आहेत, पावरीसाठी नाहीत. एखादी आजी जसं म्हणाली तसं शिक्षकाने ऐकून लिहिलं, आणि संध्याकाळी सेव्ह करताना हूकने ते ‘सुधारलं’, तर मूळ काय होतं हे सांगायला कोणी उरत नाही. शब्दसंग्रहातून शब्दच गेला तर मग उरलं काय?

म्हणून नियम एकच, पण पक्का : डोळ्याला दिसत नाही ती चूक हूककडे, कानाला ऐकू येतो तो फरक माणसाकडे.

४. लिब्रेऑफिस रायटरमध्ये हूक लावणं

मी रायटर निवडलाय, कारण तो मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतो. डोंगरात रेंज येवो न येवो, हूक आपलं काम करतो.

आधी मॅक्रो लिहायचा. टूल्स मेनूतून मॅक्रोज, मग ऑर्गनाइझ मॅक्रोज, मग बेसिक. तिथे ‘माय मॅक्रोज’खाली नवा मॅक्रो तयार करायचा. त्यात काय क्रमाने घडायला हवं ते आधी साध्या मराठीत मांडू :

एक. घटनेबरोबर जो दस्तऐवज आला, तो हातात घे.
दोन. तो रायटरचा मजकूर नसेल, म्हणजे कॅल्कचा तक्ता वगैरे असेल, तर इथेच थांब.
तीन. फाइलच्या नावात ‘शब्दसंग्रह’ नसेल तर इथेच थांब.
चार. अ, जोडचिन्ह, चंद्र अशी साखळी सापडेल तिथे ॲ कर.
पाच. अ, चंद्र अशी साखळी सापडेल तिथे ॲ कर.
सहा. र, हलन्त, जोडचिन्ह आणि पुढे य किंवा ह असेल तिथे र आणि जोडचिन्ह काढून ऱ ठेव, हलन्त तसाच.
सात. एकूण किती बदल झाले ते मोज. शून्यापेक्षा जास्त असतील तर सांग.

य आणि ह हे दोनच का? कारण मराठीत पापणीचा र प्रामुख्याने यांच्याच आधी येतो : दऱ्या, दुसऱ्या, कुऱ्हाड, वऱ्हाड. नियम जितका अरुंद, तितका सुरक्षित.

बेसिक भाषेत हे लिहायला फारसं लागत नाही. घटनेबरोबर मॅक्रोला एक वस्तू मिळते, तिच्या ‘सोर्स’मध्ये दस्तऐवज असतो. त्या दस्तऐवजाकडून ‘क्रिएट रिप्लेस डिस्क्रिप्टर’ने शोधा-बदलाचा अर्ज मागायचा, त्यात ‘सर्च स्ट्रिंग’ आणि ‘रिप्लेस स्ट्रिंग’ भरायचं आणि ‘रिप्लेस ऑल’ला द्यायचा. ते किती जागी बदल झाला तो आकडा परत देतं. बस, सातव्या पायरीचं मोजमाप आयतंच मिळालं.

एक काळजी घ्या. जोडचिन्ह दिसत नसल्याने ते कोडमध्ये टाइप केलं तर आहे की नाही हे नंतर कळत नाही. त्यापेक्षा अक्षरं क्रमांकावरून बनवा. बेसिकमध्ये ‘सीएचआर’ हे फंक्शन क्रमांक दिला की अक्षर देतं. लागणारे दशमान क्रमांक असे :

अ : २३०९
चंद्र ॅ : २३७३
ॲ : २४१८
र : २३५२
ऱ : २३५३
हलन्त : २३८१
जोडचिन्ह : ८२०५

कोडमध्ये हे अंक इंग्रजीतच लिहायचे. देवनागरी अंक बेसिकला समजत नाहीत.

मॅक्रो लिहून झाला की खुंटीला अडकवायचा. टूल्स, कस्टमाइझ, इव्हेंट्स. तिथे घटनांची यादी दिसेल. ‘सेव्ह डॉक्युमेंट’ निवडा, मॅक्रो जोडा. खाली ‘सेव्ह इन’ असा पर्याय आहे. तिथे लिब्रेऑफिस निवडलं तर हूक त्या संगणकावरच्या सगळ्या फाइलींना लागतो. चालू फाइल निवडली तर फक्त तिला. आपण तिसऱ्या पायरीत नाव तपासतोय, म्हणून लिब्रेऑफिस निवडायला हरकत नाही.

५. नियमांचा क्रम : दऱ्या आणि दर्या

एवढं वाचून कोणाला वाटेल, की न दिसणारं जोडचिन्हच सगळ्या भानगडीचं मूळ असेल, तर सरळ फाइलमधली सगळी जोडचिन्हं पुसून टाकू. एका ओळीचा हूक! तसे ‘सफाई’ मॅक्रो पुष्कळ फिरत असतात. ते इथे लावून पाहू.

‘दऱ्या’ जुन्या तऱ्हेने लिहिलेला आहे : द, र, हलन्त, जोडचिन्ह, य, काना. त्यातून जोडचिन्ह पुसलं. उरलं काय? द, र, हलन्त, य, काना. हे पडद्यावर कसं उमटतं? ‘दर्या’. म्हणजे समुद्र. सातपुड्यातल्या दऱ्यांचा एका सेव्हमध्ये समुद्र झाला! तसंच ‘आचाऱ्याला’ बोलवायचं असताना ‘आचार्याला’ बोलावणं जाईल. स्वयंपाकी राहिला बाजूला, गुरुजी हजर.

आणि ही चूक शुद्धलेखन तपासणीतही सापडणार नाही, कारण ‘दर्या’ हा मराठीतला बरोबर शब्द आहे. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी जोडचिन्हाच्या ज्या साखळ्या अर्थपूर्ण आहेत त्या नव्या रूपात आणायच्या. उरलेल्या जोडचिन्हांना शक्यतो हात लावायचा नाही, कारण एखाद्या शिक्षकाने अर्धं अक्षर सुटं दाखवायलाही ते वापरलेलं असू शकतं. आपल्या यादीत चौथी पायरी पाचवीच्या आधी आहे, तीही जास्त लांब साखळी आधी घ्यायची म्हणून. लांब आधी, आखूड नंतर, ही सवय लावून घ्या.

६. हूक बिघडला तर : पाच प्रश्न, याच क्रमाने

हूक चालत नसेल तर पहिल्याच झटक्यात कोड बदलायला घेऊ नका. डॉक्टर आधी नाडी बघतात. तसे हे पाच प्रश्न क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न : हूक मुळात चालला का?
मॅक्रोच्या पहिल्या ओळीत ‘आलो’ असा संदेश दाखवायला सांगा. सेव्ह करा. संदेश आला तर खुंटी ठीक आहे, गडबड पुढे आहे. नाही आला तर कोडचा दोष नाही, जोडणीचा आहे. मग बघा : मॅक्रोची सुरक्षा पातळी त्याला अडवतेय का? हूक एका फाइलला लावलाय आणि तुम्ही दुसरीच उघडलीय का? ज्या फाइलमध्ये मॅक्रो ठेवला होता ती कोणी वर्डच्या डॉक्स प्रकारात सेव्ह केली का? तसं केलं की लिब्रेऑफिसचा मॅक्रो त्या फाइलबरोबर जात नाही. संगणक बदलला असेल तरी ‘माय मॅक्रोज’ जुन्याच संगणकावर राहिले असतील.

दुसरा प्रश्न : बरोबर घंटेला चालला का?
रायटरमध्ये ‘सेव्ह डॉक्युमेंट’ ही घटना सेव्ह होण्याआधी घडते आणि ‘डॉक्युमेंट हॅज बीन सेव्ह्ड’ ही सेव्ह झाल्यावर. दुसरीला हूक लावला तर पडद्यावर मजकूर बदललेला दिसेल, पण डिस्कवर जुनाच गेलेला असेल. फाइल बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का’ असं विचारलं जाईल आणि कोणीतरी घाईत ‘नाही’ म्हणेल. शिवाय ‘सेव्ह ॲज’ ही वेगळी घटना आहे. नवी कोरी फाइल पहिल्यांदा सेव्ह होते ती ‘सेव्ह ॲज’च असते. त्या वेळी ‘सेव्ह’चा हूक चालत नाही. सोपा उपाय : फाइल आधी नाव देऊन एकदा सेव्ह करा, मग कामाला लागा.

तिसरा प्रश्न : बरोबर फाइलवर चालला का?
आपण नावात ‘शब्दसंग्रह’ आहे का ते तपासतोय. पण रायटर फाइलचा पत्ता संकेतस्थळाच्या पत्त्यासारखा देतो आणि त्यात देवनागरी अक्षरांच्या जागी टक्क्याची चिन्हं आणि आकडे असतात. ‘शब्दसंग्रह’ त्यात कधीच सापडणार नाही. हूक इमानदारीने दर वेळी तिसऱ्या पायरीवर थांबेल आणि तुम्हाला वाटेल, तो चालतच नाही. उपाय : पत्ता आधी ‘कन्व्हर्ट फ्रॉम यूआरएल’ या फंक्शनमधून काढायचा, मग तपासायचा. इंग्रजीत नाव ठेवणाऱ्याला ही अडचण कधी येतच नाही, म्हणून इंग्रजी मदतपानांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही. मराठीत काम करणाऱ्याने ती आठवणीत ठेवायची.

चौथा प्रश्न : एकदाच चालला का?
‘आलो’ हा संदेश दोनदा आला तर हूक दोन जागी जोडलेला आहे, एकदा लिब्रेऑफिसला आणि एकदा फाइलला. एक काढून टाका. संदेश येतच राहिला, थांबेचना, तर मॅक्रोच्या आत कुठेतरी फाइल पुन्हा सेव्ह करायला सांगितलंय. सेव्हमुळे हूक, हूकमुळे सेव्ह, असा भोवरा. सेव्हआधीच्या हूकमध्ये सेव्हची आज्ञा द्यायची गरजच नसते, एडिटर ते करणारच असतो.

पाचवा प्रश्न : नियम बरोबर आहे का?
सगळं चाललं आणि तरीही ‘ॲ’ बदलला नाही, तर तिथे प्रत्यक्षात कोणते क्रमांक आहेत ते बघायचं. रायटरमध्ये अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक दिसतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. हा क्रमांक षोडशमान पद्धतीत असतो, म्हणून वरच्या दशमान यादीपेक्षा वेगळा दिसेल. जोडचिन्हाचा षोडशमान क्रमांक २००डी. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, क्रमांकावर ठेवा.

या पाचांच्या जोडीला एक छोटी चाचणी नेहमी करा. दहा ओळींची नमुना फाइल बनवा. तिच्यात ॲ तिन्ही तऱ्हांनी, दऱ्या दोन्ही तऱ्हांनी, शिवाय ‘दर्या’, ‘आचार्य’, ‘सूर्य’ असे न बदलायचे शब्दही घाला. पहिल्यांदा सेव्ह केल्यावर बदलांचा आकडा येईल. लगेच एखादी जागा सोडून दुसऱ्यांदा सेव्ह करा. आकडा शून्य यायलाच हवा. दुसऱ्यांदाही काही बदललं, तर नियम एकमेकांच्या पायात पाय घालत आहेत. असा हूक खऱ्या फाइलवर लावू नये. आणि खरी फाइल कितीही छोटी असो, हूक लावण्याआधी तिची तारीख घातलेली प्रत वेगळी ठेवा.

७. इतर एडिटरमध्ये काय?

तत्त्व सगळीकडे तेच, नावं वेगळी. १९९१ पासून चालत आलेल्या व्हिम एडिटरमध्ये याला ऑटोकमांड म्हणतात. सेव्हआधीच्या घटनेचं नाव ‘बफ राइट प्री’. तिथे फाइलच्या नावाचा नमुना घटनेबरोबरच लिहितात, म्हणजे आपली तिसरी पायरी आयती होते. पण सेटिंगची फाइल पुन्हा वाचली की तोच हूक आणखी एकदा जोडला जातो. दोनदा, तीनदा, चारदा. म्हणून व्हिममध्ये हूक एका गटात ठेवतात आणि गटाच्या सुरुवातीलाच जुने पुसून टाकायला सांगतात. अक्षराचा क्रमांक बघायला कर्सर त्यावर ठेवून जी आणि ए दाबायचं.

इमॅक्समध्ये ‘बिफोर सेव्ह हूक’ आहे. तिथे एकच नाव असलेलं फंक्शन दोनदा जोडलं तरी एकदाच राहतं. म्हणून हूकला नेहमी नाव असलेलं फंक्शन द्यावं, बिननावाचं नको.

गूगल शीट्समध्ये शब्दसंग्रह असेल तर ‘ऑन एडिट’ नावाचा हूक मिळतो. चौकटीत माणसाने काही बदललं की तो चालतो. स्क्रिप्टने केलेल्या बदलाने मात्र तो चालत नाही, त्यामुळे भोवऱ्याची भीती नाही. असा साधा हूक ३० सेकंदांत संपावा लागतो. गूगल डॉक्समध्ये मात्र टाइप करताना चालणारा असा हूक नाही, फाइल उघडताना चालणारा आहे. आणि दोन्हींना इंटरनेट लागतं, हे आलंच.

८. पालकांसाठी : ती सूचना पट्टी उगाच येत नाही

एखादी फाइल उघडताना ‘यात मॅक्रो आहेत’ अशी सूचना येते. मुलं पटकन ‘चालू करा’ दाबतात. ती सूचना का असते हे त्यांना सांगा. फाइल उघडणे ही देखील एक घटना आहे, आणि तिच्या खुंटीवर कोणी वाईट कामही अडकवू शकतं. १९९५ मध्ये कन्सेप्ट नावाचा विषाणू वर्डच्या फाइलींतून असाच पसरला. मार्च १९९९ मध्ये मेलिसा आला. फाइल उघडली की तो आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांना स्वतःला पाठवून द्यायचा. म्हणूनच पुढे एडिटरांनी मॅक्रोवर पहारा बसवला. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसमध्ये मुळातच अडवलेले असतात.

म्हणून स्वतःचा हूक चालावा यासाठी सुरक्षा पातळी सगळ्यात खाली आणायची नाही. आपला मॅक्रो ‘माय मॅक्रोज’मध्ये ठेवला की तशी गरजही पडत नाही. आणि सहकाऱ्यांना हूक द्यायचा असेल तर मॅक्रो असलेली फाइल फिरवण्यापेक्षा कोडचा साधा मजकूर द्या, बसून समजावून सांगा. ज्याला तो कळला, तोच तो दुरुस्त करू शकेल.

९. वर्गात करून पाहण्यासाठी

सहावीच्या पुढच्या मुलांबरोबर संगणकाशिवायही हा पाठ घेता येतो. एक मूल ‘एडिटर’, दुसरं ‘हूक’. एडिटर फळ्यावर शब्द लिहितो आणि ‘सेव्ह’ म्हणतो. हूककडे कागदावर दोन नियम. तो नियमांप्रमाणे बदल करतो, स्वतःचं डोकं न चालवता. बाकीची मुलं नियम चुकेल असा शब्द शोधतात. ‘न दिसेल तिथे ण करा’ हा नियम द्या आणि बघा काय होतं ते! मन, वन, पान, मान यांचं काय झालं, यावर वर्ग हसेल. नियम आंधळा असतो हे मुलांना तिथेच कळेल.

मग मुलांना घरच्या बोलीतले दहा शब्द लिहायला सांगा आणि विचारा : यातला कोणता शब्द यंत्राने न विचारता बदलला तर चालेल? उत्तर बहुतेक ‘एकही नाही’ असंच येईल. मग पुढचा प्रश्न : तर मग यंत्राने काय करावं? तिथून खरी चर्चा सुरू होते.

धडगावच्या त्या चार शिक्षकांच्या यादीकडे पुन्हा बघितलं तर हूकने केलेलं काम कोणाच्या लक्षातही येणार नाही. ‘दऱ्या’ शोधला की पाचही ठिकाणी सापडेल, एवढंच. पावरीचा रकाना मात्र आजीने सांगितला तसाच राहील. हूक बरोबर लागला आहे की नाही, हे ओळखायची हीच खूण.

तुम्ही आपल्या शाळेत अशी यादी करत असाल तर आधी तीन रकान्यांचा कागद भरा. कोड नंतर लिहू.